पहाटे साडेपाचच्या आत लाल होणारी टेस्ट

मे महिन्यात रावेर तालुक्यात दुपारी लॅपटॉप घेऊन काम करणं काय असतं ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. माझी खोली वरची, वर पत्रे, बाहेर ४५ अंश, लाइट असली तर कूलर नाहीतर तोही नाही. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे ४ ला उठून बसते आणि ८ पर्यंत जड काम उरकून घेते, तेव्हा नेटही चांगलं चालतं आणि डोकंही. आप्पांचंही तसंच असतं, शेतीची लाइट रात्रपाळीची असली की ते २ वाजता उठून मोटर चालू करायला जातात आणि परत आले की आम्ही दोघं चहा घेतो.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून टेस्टिंग करते. म्हणजे वेबसाइट हाताने तपासायच्या ऐवजी रुबी या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहायच्या, त्या स्क्रिप्ट स्वतः क्रोम उघडतात, लॉगिन करतात, फॉर्म भरतात, बटण दाबतात आणि समोर जे यायला हवं ते आलं का ते बघतात. आलं तर टेस्ट हिरवी, नाही आलं तर लाल. त्यासाठी आम्ही वॉटिर वापरतो. वेब ॲप्लिकेशन टेस्टिंग इन रुबी, त्याचं ते छोटं नाव. सुरुवातीला ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालायचं, आता आतून सेलेनियम वेबड्रायव्हर हे ब्राउझर चालवणारं साधन वापरतं. मला ते मनापासून आवडतं, कारण कोड वाचला की माणूस काय करतोय तेच वाचल्यासारखं वाटतं.

त्या वेळचं ॲप शेतमाल खरेदीचं होतं. खरेदीदाराचा माणूस शेतात किंवा काट्यावर वजन टाकणार, सिस्टीम त्या तारखेचा भाव लावणार आणि पावती तयार होणार. दुसऱ्या दिवसाचा भाव आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेला असायचा. माझी एक टेस्ट अगदी साधी होती, पावती बनवा, आजच्या पावत्यांच्या यादीत जा, आणि आजची तारीख असलेली ओळ दिसते का बघा.

सोमवारी पहाटे सगळ्याच टेस्ट पडल्या. ते सोपं होतं. क्रोम स्वतःच अपडेट झालं होतं आणि स्क्रिप्टला क्रोमशी जोडणारा क्रोमड्रायव्हर जुनाच राहिला होता, सेशन तयारच होत नव्हतं. सेलेनियम ४.६ पासून ड्रायव्हर आपोआप शोधून आणायची सोय आहे, पण माझ्या मशीनवर पाथमध्ये (प्रोग्राम जिथं शोधले जातात त्या फोल्डरांत) कधीतरी हाताने टाकलेला जुना ड्रायव्हर पडून होता आणि तो सापडला की तोच उचलला जातो. तो काढून टाकला, काम झालं. सगळा सूट, म्हणजे सगळ्या टेस्ट मिळून, चालायला ४० मिनिटं लागतात, तो संपला तेव्हा ५ वाजून गेले होते. सगळं हिरवं आणि ती एक पावतीची टेस्ट लाल.

मी कोड उघडला आणि मला लगेच एक चूक दिसली, खरी चूक. ओळ दिसते का हे मी प्रेझेंट वापरून विचारलं होतं. वॉटिरमध्ये क्लिक वगैरे करताना ते स्वतः ३० सेकंदांपर्यंत थांबतं, पण प्रेझेंट किंवा एक्झिस्ट असं विचारलं तर थांबत नाही, त्या क्षणी जे आहे त्यावर हो किंवा नाही सांगून मोकळं होतं. यादी जावास्क्रिप्टने थोडी उशिरा भरत होती, म्हणजे यादी रिकामी असताना विचारलं तर नाहीच येणार. मी तिथं वेट अनटिल, म्हणजे ओळ दिसेपर्यंत थांब, असं घातलं, खाली जाऊन चहा घेतला, येऊन परत चालवलं, हिरवं. कमिट केलं आणि विषय संपला असं समजले.

मंगळवारी पहाटे परत तीच लाल. या वेळी टाइमआउट, ३० सेकंद वाट बघितली पण ओळ आली नाही. आता मला वाटलं सर्व्हर झोपेतून उठायला वेळ घेतोय, सकाळचा पहिला वापर आहे ना, म्हणून मी पावती सेव्ह झाल्यावर ५ सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं, टाकला आणि टाइमआउट ६० केला. आंघोळ वगैरे उरकून परत चालवलं आणि हिरवं. स्लीप टाकणं मला पटत नाही, मी माझ्या ज्युनिअर मुलीलाही ते करू देत नाही, पण हिरवं आलं की माणूस थांबतो, तशी मीही थांबले.

बुधवारी परत. आता मी जिद्दीला पेटले होते, तिथल्या तिथे तीच एक टेस्ट चालवली, ४:५० ला लाल, ५:१० ला लाल. मग नेटवर संशय घेतला, वायफाय बंद करून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तो गच्चीवरच नीट पकडतो म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, सतरंजी टाकली, सातपुड्याकडून जरा गार वारा येत होता, सगळं परत जोडून चालवलं आणि हिरवं. मी त्या दिवशी ग्रुपवर लिहूनही टाकलं की माझ्याकडच्या नेटचा प्रॉब्लेम होता. पुण्याहून उत्तर आलं, बरोबर आहे, सर्व्हरवर रोज सगळ्या टेस्ट पास होतात, फक्त तुझ्याकडेच पडते. त्या वाक्याने मला बरं वाटलं नाही. गावात राहून काम करणाऱ्याचं काहीही बिघडलं की आधी त्याचं नेट दिसतं, आणि या वेळी तर मी स्वतःच ते हातात आणून दिलं होतं.

रात्री झोप लागेना. तीन दिवस मी तीन वेगवेगळी औषधं दिली आणि तिन्ही दिवस ताप उतरला. तीन वेगळी कारणं असतील तर तीच एक टेस्ट का? आणि कारण एक असेल तर तिन्ही औषधं लागू कशी पडली?

गुरुवारी मी काहीच दुरुस्त करायचं नाही असं ठरवलं. स्क्रिप्टमध्ये एवढंच घातलं की टेस्ट पडो की पास होवो, ब्राउझरचा स्क्रीनशॉट काढायचा आणि फाइलच्या नावात वेळ टाकायची. आणि तीच एक टेस्ट दर ३ मिनिटांनी चालू ठेवली, ४:१० पासून. कोडला हात लावला नाही, नेट बदललं नाही, नुसती बसून राहिले.

आप्पा मोटर बंद करून वर आले. "पोरी, इतल्या सकायी नुसती बघत काय बसली?" म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, हे कधी सुधारतं ते बघतेय. ते खुर्ची ओढून बसले. लाल, लाल, लाल. ५:२२ लाल. ५:२५ लाल. ५:२८ लाल. ५:३१ हिरवं. त्यानंतर सगळं हिरवं.

साडेपाच हा आकडा बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५:३० होतात तेव्हा तिथं रात्रीचे १२ वाजतात आणि तारीख बदलते. सर्व्हर यूटीसीवर असेल तर त्याआधी त्याच्या लेखी अजून कालचाच दिवस चालू असतो.

मग मी ते स्क्रीनशॉट उघडले. पहिल्याच चित्रात पावती होती. यादीत सगळ्यात वर, माझंच टाकलेलं वजन, माझंच टाकलेलं टेस्टचं नाव, आणि तारीख कालची. तीन दिवस मी फक्त एररची ओळ वाचत होते, ओळ सापडली नाही, ओळ सापडली नाही. ओळ तिथंच होती. माझी स्क्रिप्ट आजची तारीख (डेट डॉट टुडे) माझ्या लॅपटॉपवरून घेत होती, भारतीय वेळेची, आणि ॲप त्याची तारीख यूटीसीवरून घेत होतं. पुण्यातल्या सर्व्हर रनमध्ये स्क्रिप्टही यूटीसीच्या मशीनवर आणि ॲपही यूटीसीवर, दोघांची तारीख सारखीच चुकायची, म्हणून ते कायम पास. ऑफिसातली माणसं स्वतः चालवायची ती १० नंतर. हे फक्त पहाटे उठणाऱ्यालाच दिसणार होतं.

आणि माझी तिन्ही औषधं लागू पडली कारण प्रत्येक वेळी ती दिल्यावर उजाडलं होतं.

आप्पांना मी सोप्या भाषेत सांगितलं की यंत्र साडेपाचपर्यंत कालची तारीख धरतं. ते लगेच म्हणाले, "मंग भाव कोनता लावते?"

मी चाट पडले. मी तारखेतच अडकले होते. भाव अर्थात कालचा लागत होता. मी उठून बघितलं, स्क्रीनशॉटमधल्या पावतीवर कालचाच दर होता. आप्पा म्हणाले उन्हाळ्यात केळीची कापणी अंधारातच धरावी लागते, ऊन तापायच्या आत घड गाडीत पाहिजे, गाडी रात्रीच येऊन उभी राहते. मला ते माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून बघतेय, पण स्क्रिप्ट लिहिताना माझ्या डोक्यात पावती करणारा माणूस ऑफिसात बसलेला होता. भाव चढता असेल तर शेतकऱ्याचं नुकसान, उतरता असेल तर घेणाऱ्याचं, आणि दोघांपैकी कोणालाच कळणार नाही की चूक कुठे झाली.

दुपारी ४ ला मीटिंग होती. दुपारी हे दाखवायचं कसं हा प्रश्न होता, कारण दुपारी तर सगळं हिरवं. मग मला आठवलं की रुबीला टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टाइम झोन सांगणारी बाहेरची सेटिंग) बदलून दिलं की ती सांगितलेल्या ठिकाणचं घड्याळ वापरते. प्रशांत महासागरात किरितिमाती नावाचं बेट आहे, ते यूटीसीच्या १४ तास पुढे, म्हणजे आपल्याकडे दुपारचे ३:३० वाजले की तिथं उद्याची तारीख लागते. मी मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली, टीझेड बदललं, टेस्ट चालवली आणि सगळ्यांच्या समोर ती लाल झाली. नेट तेच, कोड तोच.

आमचे लीड शांतपणे म्हणाले, "अगं बग आहे, मान्य. पण लो प्रायॉरिटी टाकूया का? पहाटे ४ ला पावती कोण करणार आहे?" त्यांचा त्यात वाईट हेतू नव्हता, ते शहरात वाढलेले, त्यांना कुठून माहीत असणार. मी म्हटलं, सर, आमच्याकडे सावद्यापासून रावेरपर्यंत या दिवसांत पहाटे ४ ला कोणत्याही रस्त्याला उभे राहा, केळीच्या गाड्याच दिसतील. ज्या वेळेत बग आहे तीच आमच्या मालाची वेळ आहे. आवाज जरा चढला असेल माझा. मग त्यांनी डेव्हलपरला लाइव्ह डेटा बघायला सांगितलं, रात्री १२ ते पहाटे ५:३० च्या पावत्या काढा म्हणाले, आणि त्या निघाल्या. थोड्या नव्हत्या. मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. लीडच म्हणाले, "प्रायॉरिटी वन. आजच."

ॲप रुबी ऑन रेल्सचं, म्हणजे रुबीत वेबसाइट बांधायच्या तयार साच्यावरचं, होतं. रेल्समध्ये टाइम झोन सांगितला नाही तर तो यूटीसीच धरला जातो आणि इथं तो कोणी सांगितलाच नव्हता. डेव्हलपरने तो कोलकाता केला (मुंबई, चेन्नई, कोलकाता, नवी दिल्ली काहीही लिहा, आत सगळं आशिया कोलकाताच आहे) आणि संध्याकाळी टेस्ट सर्व्हरवर चढवलं. शुक्रवारी पहाटे ४:१० ला मी चालवलं. लाल. पण या वेळी आधी स्क्रीनशॉट उघडला आणि चित्र वेगळं होतं, यादीत माझी पावतीच नाही. पावती उघडून बघितली तर तारीख आजची, भाव आजचा, बरोबर. फक्त ती आजच्या यादीत नव्हती. म्हणजे पावती बनवताना रेल्सची तारीख वापरली होती ती सुधारली, पण यादीच्या क्वेरीत साधं डेट डॉट टुडे होतं, आणि ते रेल्सचा झोन बघतच नाही, मशीनचं घड्याळ बघतं, मशीन यूटीसीवरच. मी ते तिथल्या तिथे लिहून पाठवलं. डेव्हलपरने उठल्यावर पूर्ण कोडमध्ये शोधलं, अशा आणखी जागा निघाल्या, सगळीकडे टाइम डॉट झोन डॉट टुडे केलं.

जुन्या पावत्यांचं काय ही मला खरी काळजी होती. पण प्रत्येक नोंदीला क्रिएटेड ॲट, म्हणजे ती कधी तयार झाली ते, असतं, ते यूटीसीत असलं तरी पूर्ण वेळेसकट असतं, त्यामुळे कोणती पावती खरी कोणत्या दिवशीची ते काढता आलं. फरकाची यादी क्लायंटला गेली. पैशांचा हिशोब त्यांनी त्यांच्या लोकांशी केला, त्यात आम्ही नव्हतो.

मी माझ्या स्क्रिप्टमधला तो ५ सेकंदांचा स्लीप काढला, टाइमआउट परत ३० वर आणला. वेट अनटिल ठेवलं, ती चूक खरंच माझी होती. आणि सर्व्हर रनला दोन गोष्टी करून घेतल्या, स्क्रिप्ट चालवणाऱ्या मशीनला टीझेड भारताचा दिला आणि एक रन रोज रात्री २ चा लावला. तो लावताना शेड्यूलमध्ये २०:३० लिहावं लागतं, कारण शेड्यूलचं घड्याळ यूटीसीचंच, आणि शेजारी मी मराठीत कॉमेंट टाकली, आपल्या रात्री २.

शनिवारी मी गजर लावला नव्हता. आप्पांनीच ६ ला हाक मारली, "आज उठली नई का?" मोबाइल बघितला तर २ च्या रनचा मेल येऊन पडला होता, सगळं हिरवं. त्यातली पावतीची टेस्ट मी उघडून तिचा स्क्रीनशॉट आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आधी तारीख वाचली, मग भाव वाचला.