किलोवर मोजलेलं सूत

गेल्या महिन्यात एका दुपारी माझ्यासमोर एक आलेख आला. वस्त्रोद्योगातला एक माणूस वर्षाला किती मूल्य निर्माण करतो, याची काही देशांची तुलना होती. भारताचा खांब इतका बुटका होता की आधी मला तो दिसलाच नाही. संध्याकाळी पाच वाजता तो एका उद्योजक संघटनेपुढे मांडायचा होता.

मी लोअर परळमध्ये आर्थिक संशोधनाचं काम करते. आमचं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. माझे अण्णा अशाच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यामुळे कापडाचा आकडा मी जरा जास्तच खोदून बघते.

भागाकार साधा असतो. वर मूल्यवर्धन, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल वगैरेंचा खर्च वजा जाता उरतं ते, आणि खाली माणसं. इथे वरचा आकडा एएसआयचा होता, म्हणजे वार्षिक उद्योग पाहणीचा. त्यात प्रामुख्याने नोंदणी झालेले कारखाने येतात : वीज वापरत असतील तर दहा कामगारांपासून पुढचे, नसतील तर वीसपासून पुढचे. खालचा आकडा होता पीएलएफएसचा, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचा, आणि ती पाहणी घरोघरी जाऊन होते. भिवंडीतल्या छोट्या गाळ्यात बारा तासांची पाळी भरणारा विणकर तिच्यात मोजला जातो, घरी बसून जरीकाम करणारी बाईही मोजली जाते. म्हणजे या माणसांनी केलेलं काम वर धरलंच नव्हतं, त्यांची डोकी मात्र खाली होती. खांब बुटका होणारच.

हा आलेख जिने केला ती आमच्याकडची मुलगी हुशार आहे. दोन्हीकडे एनआयसीचा, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा, १३ हा वस्त्रोद्योगाचा कोड दिसला, तिने भागाकार केला. कोड जुळला तरी हद्द जुळतेच असं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे अर्थशास्त्राच्या वर्गात समीकरणं शिकवतात, पाहणीची प्रश्नावली उघडून दाखवत नाहीत. राग मला याचा येतो, तिचा नाही.

खालची बाजू कारखान्यांपुरती करून घेतली आणि खांब वर आला. मग रुपयाचा प्रश्न. २०१७ साली बाजारात डॉलर सरासरी ६५.१२ रुपयांना होता, आणि त्याच वर्षाच्या आंतरराष्ट्रीय किंमत तुलनेत भारताची क्रयशक्ती समानता, म्हणजे तिकडे एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू-सेवांना इथे लागणारे रुपये, निघाली २०.६५. कोणता दर लावता त्यावर तेच कापड तिपटीने लहानमोठं होतं. आमच्या सरांना २०.६५ हवा होता, कारण तो अधिकृत. पण त्या दरात घरभाडं आहे, शाळेची फी आहे, केस कापण्याची मजुरी आहे. या गोष्टी इथे स्वस्त, म्हणून तो दर एवढा खाली. सूत तर जगभर विकलं जातं. गिरणीच्या दारातल्या त्याच्या किमतीचा आणि केस कापण्याचा काय संबंध?

यावरचा उपाय जुना आहे. अर्थतज्ज्ञ अँगस मॅडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ पासून नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात तो पद्धतशीर वापरला. दोन्ही देशांच्या उद्योग पाहणीतून एकाच मालाची विक्रीची रक्कम घ्यायची, तिला नगांनी किंवा वजनाने भागायचं, आणि येणाऱ्या दोन दरांचं गुणोत्तर काढायचं. तोच त्या मालापुरता विनिमय दर. कच्च्या मालासाठीही हेच वेगळं करावं लागतं, नाहीतर कापूस स्वस्त मिळाल्याचं श्रेय कामगाराला जातं.

दुपारी तीनला मी सुती धाग्याचं गुणोत्तर काढलं, रुपये भागिले किलो, आणि आमचा खांब एकदम उंच झाला. सगळे खूश. मला मात्र अण्णा आठवले. बाजारातून आणलेलं धोतर ते बोटांत धरून आधी विचारायचे, "सूत कितीचं?" एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो सुताचा नंबर. विसाच्या सुताचा टॉवेल होतो, ऐंशीचं तलम कापडाला जातं. एका किलोत ऐंशीचं सूत विसाच्या चौपट लांब भरतं, कताईच्या चात्यांवर कितीतरी जास्त वेळ घेतं, महागही असतं. ज्या देशाच्या सुतात जाडं जास्त, त्याचा किलोचा भाव कमी दिसतो. आमचं गणित त्याला स्वस्ताई समजतं आणि त्या देशाचं उत्पादन फुगवतं. वाढलेला खांब काही अंशी निव्वळ जाडेपणाचा होता. आमच्या फायलीत नंबरवार आकडे नव्हते. मी दोन खांब काढले, वरचा आणि खालचा, आणि खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे असं खाली लिहिलं. दरडोई ऐवजी दर तासाला मोजलं तर दोन्ही आणखी खाली जातात, हेही लिहिलं. जर्मन कामगार वर्षाला सरासरी १,४०० तासही भरत नाही, आपला त्याहून पुष्कळ जास्त भरतो.

बैठकीत एका गृहस्थांनी दोन्ही खांब बघितले आणि म्हणाले, "म्हणजे काय, आपला माणूस कामच करत नाही."

मी त्यांना म्हटलं, "हा आकडा घाम मोजत नाही. माणसामागे यंत्र किती आणि कसलं, सूत किती तुटतं, वीज किती वेळा जाते, सगळं त्यात आहे." अण्णा साध्या साच्यावर उभे राहायचे, तिकडचा कामगार एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने धागा फेकणाऱ्या मागांच्या रांगेत फिरतो. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या त्या मुख्यतः माणसामागे यंत्रं वाढवण्याच्या योजनेविरुद्ध. यंत्रं वाढली की आकडा सुधारतो आणि शेजारच्याची नोकरी जाते, हे त्या कामगारांना आमच्या आलेखाआधी कळलं होतं. गृहस्थ ऐकत होते, पण त्यांना एकच खांब हवा होता. सरांनी शेवटी वरचा ठेवला. मी आक्षेप लिहून पाठवला, अजून उत्तर नाही.

मला छळतंय ते वेगळंच. फक्त स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईला पीएलएफएसमध्ये ९२ हा वेगळा कोड मिळतो आणि ती भागाकारातून बाहेर जाते. संपानंतर आमची आई वर्षानुवर्षं लालबागच्या खोलीत शर्टांचे धागे कापायची, शंभर नगांचा हिशेब. रविवारी तिला विचारलं, "आई, तेव्हा कुणी पाहणीला येऊन विचारलं असतं, तू काय काम करतेस, तर काय सांगितलं असतंस?"

"काही नाही, घरीच असते, म्हणून सांगितलं असतं."

"आणि ते शर्ट?"

"अगं, ते दुपारचं."