नानकटाई: पसरणं थांबलं, भेगाही पडल्या

पडल्या एकदाच्या भेगा! तेही डालड्याचं बोट न लावता, निव्वळ घरच्या कढवलेल्या तुपावर. मागच्या खेपेला गोळे पसरून सपाट झाले, भेगाही नाहीत; ती खेप नानकटाईची नव्हतीच, चकत्यांची होती.

प्रमाण मुद्दाम मागच्या खेपेचंच ठेवलंय: मैदा १२० ग्रॅम, बेसन ४०, बारीक रवा २०, पिठीसाखर ८५, तूप १००, पाव चहाचा चमचा सोडा, एक चमचा दही, वेलची-जायफळ. २२ ग्रॅमचे १६-१७ गोळे होतात. म्हणजे फरक पडला तो प्रमाणामुळे नाही, तुपामुळे.

भेगा नाहीत म्हटलं की जो तो सोडा वाढवायला सांगतो. वाढवून बघाच. नानकटाई आणखी पसरते, पिवळट पडते आणि जिभेवर साबणासारखी चव राहते, कारण दह्याचा आंबटपणा तेवढ्या सोड्याला पुरत नाही.

खरी गोम रवाळ तुपात आहे. लाडवाला जे तूप आपण कौतुकाने वापरतो, तेच इथे दगा देतं. त्यात घट्ट कणी वेगळी आणि पातळ तेल वेगळं असतं. तसंच फेटलं तर तेल पिठात शिरतं, कणी मात्र जागोजागी तशीच राहते. भट्टीत पीठ धरायच्या आत ती वितळते आणि गोळा बसतो. उन्हाळ्यात तर तूप मुळातच अर्धं पातळ असतं.

उपाय असा. तूप पूर्ण वितळवायचं, भांडं बर्फाच्या पाण्यात धरायचं आणि घट्ट होईपर्यंत हात थांबवायचा नाही. झपाट्याने गार झालं की कणी बारीक आणि सारखी पडते. मग पिठीसाखर घालून पांढरं, लोण्याइतकं मऊ होईपर्यंत फेटायचं. तिथेच थांबा. त्यापुढे नुसती हवा भरते, भट्टीत फुगते आणि मग खाली बसते. पीठ घातल्यावर मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. दह्यात पाणी असतं, त्यामुळे मळलं की मैद्याला चिवटपणा येतो.

भेगांचं गणित वेगळं. वरचा पापुद्रा आधी सुकला आणि आतलं नंतर फुललं, तरच तो तडकतो. म्हणून गोळे ट्रेवर चपटे करून अर्धा तास फ्रीजमध्ये, तेही उघडे. झाकले की वरून ओलसर राहतात आणि गुळगुळीत भाजले जातात. तूप घट्ट होतं आणि वरचा भाग सुकतो, दोन्ही कामं एकदम. त्यानंतर १८०वर ६ मिनिटं, मग १६०वर १२ ते १४. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, पण आणखी भाजू नका. ट्रेवरच गार होऊ द्या, नाहीतर उचलताना भुगा.

ओटीजीच्या (घरगुती विजेच्या भट्टीच्या) दिव्यावर विसंबू नका. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. डायल आणि आतली उष्णता यांचं फारसं जमत नाही, आणि थंड भट्टीत कुठलीही नानकटाई पसरणारच. काळा नॉनस्टिक ट्रे बूड जाळतो, साधा अॅल्युमिनियमचा उत्तम. बेसन बारीकच हवं. गिरणीतून लाडवासाठी आणलेलं जाडसर बेसन दाताखाली येतं. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नस्टार्च असतो, त्याने आकार धरायला मदत होते. मिक्सरची पिठीसाखर असेल तर चाळून घ्या.

डालड्याने आकार सहज टिकतो, हे मान्य. सुट्टीत तूप-साखर-मैदा घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई पाडून आणायचे, तेव्हाही ज्यांनी डालडा नेला त्यांचीच दिसायला देखणी यायची. चवीला कुणाची, हे सांगायला नको.

पुढे बेकरीवाले फुलवायला घालतात तो खायचा अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेट) वापरून बघायचं ठरलं होतं. पण त्याने पसरणं वाढतं, आणि जाड नानकटाईत वास अडकून राहू शकतो. त्यापेक्षा हे लिहितानाच सुचलं: कणी आणि तेल वेगळं होतंच आहे, तर करूनच टाकावं की वेगळं! रवाळ तूप मलमलच्या फडक्यात बांधून टांगायचं, तेल निथळू द्यायचं आणि नानकटाईला फक्त घट्ट कणी वापरायची. म्हशीच्या तुपाची कणी मोठी असते, तेव्हा सुरुवात त्यानेच. नुसत्या कणीने नानकटाई टाळूला चिकटली, तर १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम तेल परत घालायचं. उरलेलं तेल शंकरपाळ्यांच्या मोहनाला.