पांढऱ्या वसाहतींची साक्ष

आमच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थिनीने सीक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून घ्यायला, पाठवलेले प्लाझ्मिडचे (जिवाणूत वाढणाऱ्या छोट्या वर्तुळाकार डीएनएचे) सगळे नमुने वाचनाविना परत आले, तेव्हा दोष सीक्वेन्सिंग करणाऱ्यांचाच, असे सर्वांनी एकमुखाने ठरवून टाकले; आमच्याकडे ही रीतच आहे. मला ते पटेना, म्हणून मी तिच्या प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवलेल्या बशा, मागवून घेतल्या.

जनुक पीयूसी-१९ या प्लाझ्मिडमध्ये बसवायचे होते. प्लाझ्मिड शिरलेला जिवाणूच अँपिसिलिन या प्रतिजैविकावर वाढतो, आणि जनुक नीट बसले की प्लाझ्मिडवरचा लॅक-झेड या जनुकाचा तुकडा खंडित होऊन एक्स-गॅल या निळा रंग देणाऱ्या पदार्थावर निळ्याऐवजी पांढरी वसाहत येते. तिच्या प्लेटवर पांढऱ्या वसाहतींची दाटी होती. जनुकाच्याच प्रायमरने (जनुकाला जुळणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) केलेला कॉलनी पीसीआर, म्हणजे वसाहतीत ते जनुक आहे का हे पाहणारी चाचणी, हीही होकारार्थी होती. जनुक ज्या दोन जागी कापून बसवायचे होते तिथे कापणारी इकोआरआय आणि हिंडथ्री ही एन्झाइम लावूनही प्लाझ्मिड कापले गेले नव्हते, हे जेलवर स्पष्ट दिसत असताना ‘एन्झाइम जुने असेल’ म्हणून कोणी ते मनावर घेतले नव्हते.

टेम्प्लेट, म्हणजे पीसीआरने जनुकाच्या प्रती काढायला घेतलेला मूळ डीएनए, कोणते वापरले, हे विचारल्यावर उलगडा होऊ लागला. तेच जनुक आधी पेट-२१ए या प्लाझ्मिडमध्ये बसवलेले होते आणि पीसीआर त्यावरून केला होता. पेट-२१एवरही अँपिसिलिनचाच प्रतिरोध असतो. लॅक-झेडचा तो तुकडा मात्र नसतो; आणि तिच्या त्या प्लाझ्मिडवर इकोआरआय-हिंडथ्रीला कापायच्या जागाही उरलेल्या नव्हत्या. शुद्धीकरणाच्या कॉलममधून उत्पादनासोबत टेम्प्लेटही पुढे जातो, आणि तो पेशीत शिरला की वसाहत अँपिसिलिनवर वाढते, पांढरी दिसते, पीसीआरला होकार देते; फक्त सीक्वेन्सिंगच्या एम-१३ प्रायमरला, ज्याची जागा पीयूसी-१९वर असते, बसायला जागा सापडत नाही. प्लाझ्मिडच्या मायक्रोग्रॅममागे १ कोटी वसाहती देणाऱ्या पेशींत असा अखंड टेम्प्लेट १ नॅनोग्रॅम जरी गेला, तरी १०,००० वसाहती येतात. लायगेशनचा, म्हणजे जनुक नव्या प्लाझ्मिडला जोडण्याच्या क्रियेचा, त्यापुढे काय पाड लागणार!

वेक्टर (इथे पीयूसी-१९) न घालता केवळ पीसीआरचे उत्पादन पेशींत घालून पाहिले, तेव्हा ती प्लेटही पांढरी भरली. या नियंत्रण-प्लेटला एका प्लेटचाच खर्च येतो, तरी ती करण्याचा सर्वांना कंटाळा असतो. नंतर उत्पादनावर डीपीएन-वन एन्झाइम लावले. ते जीएटीसी या क्रमातील अ‍ॅडेनिनवर मेथिल गट असेल तरच कापते; डीएच-५-अल्फा या जिवाणूत वाढलेल्या टेम्प्लेटवर तो गट असतो, पीसीआरमध्ये घडलेल्या डीएनएवर नसतो.

या प्रकरणात एकही चाचणी खोटे बोलली नव्हती, हे अजून माझ्या मनात घोळते. जनुक आहे का, एवढेच आम्ही विचारत राहिलो. ते कोणत्या प्लाझ्मिडमध्ये आहे, हे पीसीआरला कोणी विचारलेच नाही.

पुढच्या प्लेटवर मोजक्याच पांढऱ्या वसाहती आल्या आणि त्यांतील प्लाझ्मिड त्याच दोन एन्झाइमांनी व्यवस्थित कापले गेले. प्लेट पाहून मार्गदर्शकांनी पहिला प्रश्न केला, ‘‘इतक्याच का?’’