पहाटे दोनचं बिल कुठल्या तारखेचं?

१ एप्रिल २०२५, पहाटे २ वाजता ऑर्डर आली, बिल निघालं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेवर, म्हणून डेटाबेसमध्ये वेळ पडली ३१ मार्च, २०:३०. रिपोर्टच्या क्वेरीत त्या कॉलमची थेट तारीख काढून तिच्यानुसार गट पाडलेले (ग्रुप बाय) असले, की बिल मागच्या आर्थिक वर्षात. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधली प्रत्येक नोंद अशी आदल्या दिवशी जाऊन बसते. टेस्टिंग दुपारी होतं, म्हणून हे कुणाला दिसत नाही.

यूटीसीत साठवणं बरोबरच आहे. पण तारीख काढताना कुठल्या गावची, ते सांगावं लागतं. भारतातला १ एप्रिल म्हणजे यूटीसीत ३१ मार्च १८:३० पासून १ एप्रिल १८:३० च्या आतपर्यंत. क्वेरीत हीच दोन टोकं द्या, पहिलं धरून, दुसरं वगळून. कॉलमवर फंक्शन नसल्याने इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) वापरता येतो. शेवटचं टोक १८:२९:५९ लिहिलं, तर त्या सेकंदातल्या मिलिसेकंदवाल्या नोंदी गळतात. मायएसक्यूएल डेटाबेसच्या कन्व्हर्ट-टीझेड या टाइमझोन बदलणाऱ्या फंक्शनला ‘एशिया/कोलकाता’ दिलं आणि टाइमझोनची टेबलं भरलेली नसली, तर एरर नाही, गुपचूप नल, म्हणजे रिकामं उत्तर येतं.

जावास्क्रिप्टचा खोडसाळपणा वेगळाच. तारीख बनवणाऱ्या न्यू डेटला नुसतं ‘२०२५-०४-०१’ दिलं तर ती यूटीसीची मध्यरात्र. पुढे ‘टी००:००’ जोडलं की स्थानिक. पहिल्या प्रकाराने पुण्यात काही बिघडत नाही, पहाटेचे साडेपाच होतात, तारीख तीच राहते. न्यू जर्सीतल्या ब्राउझरला मात्र ३१ मार्च दिसतो. उलट, आपल्या मध्यरात्रीवर टूआयएसओस्ट्रिंग (वेळ यूटीसीत लिहून देणारं फंक्शन) लावून पहिली दहा अक्षरं कापली, की आपणच एक दिवस मागे. जन्मतारखेला तर झोन चिकटवूच नये. साध्या डेट टाइपमध्ये ठेवा.

भारतात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे ‘एक दिवस म्हणजे २४ तास’ ही सवय लागते. न्यू यॉर्कमध्ये ८ मार्च २०२५ च्या सकाळी दहात २४ तास मिळवले तर ९ मार्चचे अकरा वाजतात, कारण त्या रात्री दोनचे थेट तीन झाले. तिथली सकाळी ९ ची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला, उन्हाळ्यात साडेसहाला.

म्हणूनच पुढच्या तारखांच्या मीटिंगा फक्त यूटीसीत ठेवू नका. स्थानिक वेळ आणि झोनचं पूर्ण नाव साठवा. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली; मेक्सिको सिटीतली जुलै २०२३ ची सकाळी ९ ची मीटिंग ज्यांनी आधीच यूटीसीत बदलून ठेवली होती, त्यांच्याकडे ती ८ ला दिसणार. नावाच्या जागी भारतीय वेळेचं लघुरूप ‘आयएसटी’ही चालणार नाही, कारण आयर्लंड आणि इस्राएलही तीच अक्षरं वापरतात.

पायथनमध्ये टाइमझोनसाठी जुनी पायटीझेड लायब्ररी असेल तर झोन थेट तारखेच्या टीझेडइन्फो या पॅरामीटरला देऊ नका, ५:३० ऐवजी ५:५३ चा फरक लागतो. ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. त्याच लायब्ररीचं लोकलाइझ वापरा, किंवा पायथन ३.९ पासून आलेलं झोनइन्फो. आणि टेस्ट टीझेड (मशीनचा टाइमझोन ठरवणारं सेटिंग) बदलून तीनदा चालवा: यूटीसी, कोलकाता, न्यू यॉर्क.