शी नव्हे, लघवी तुंबली होती

आमचा बोका बंड्या त्या दिवशी चौथ्यांदा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला तेव्हा मी निकाल देऊन मोकळी झाले: शी अडकली आहे. पाठ वाकवून जोर लावत होता, मधूनच घशातून खोल ओरडत होता. बाहेर आला की मागचं चाटत बसायचा. संध्याकाळी लिटर, म्हणजे ट्रेमधली लघवीने गोळे धरणारी वाळू, चाळलं आणि माझी ट्यूब पेटली. सकाळपासून लघवीचा एकही गोळा नव्हता.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय चेंडूसारखं टणक लागत होतं. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी फारच चिंचोळा असतो. चिकट स्राव आणि बारीक खडे यांचा एवढासा बोळा तिथे बसला की संपलं. लघवी तुंबून रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. उलट्या आणि मलूलपणा दिसायला लागले, तर बराच उशीर झालेला असतो. बंड्याला भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला, सलाईन लावलं. तीन दिवस तो तिथेच होता. मी घरी नुसती फेऱ्या मारत होते.

तेव्हा दोन गोष्टी नशिबानेच माझ्या हातून झाल्या नाहीत: पोट दाबून बघणं आणि आपली वेदनाशामक गोळी देणं. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं.

घरी आणल्यावर आधी जेवण बदललं. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाण्यात पाऊणाहून जास्त. मांजराला मुळातच तहान कमी, त्यामुळे पाणी ताटातूनच पोटात गेलेलं बरं. डॉक्टरांनी दिलेलं खास खाणं महाशयांनी आठवडाभर नाकारलं, मग चिमटीचिमटीने जुन्यात मिसळत नेलं. पाण्याची भांडी जेवणापासून लांब, तीन ठिकाणी ठेवली. हौसेने आणलेलं कारंजं मात्र त्याने फक्त पंजा बुडवायला वापरलं.

खरी मेख वेगळीच निघाली. महिन्याभरापूर्वी आम्ही दुसरं मांजर आणलं होतं, ट्रे मात्र एकच. ताणानेही मूत्राशयाला सूज येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आता दोन मांजरांना तीन ट्रे आहेत, वेगवेगळ्या खोल्यांत.

हे दुखणं उलटतं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून रोज सकाळी मी लिटर चाळायला बसते आणि आतून नवऱ्याचा आवाज येतो, "किती?"

"तीन. मोठे आहेत."