जोतं किती उंच धरायचं?

मी आर्किटेक्ट आहे म्हटलं की सांगलीत एक प्रश्न ठरलेला असतो: महापालिकेची नवी इमारत तुमच्याकडे आली तर कशी बांधाल? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

सुरुवात जोत्यापासून करीन, म्हणजे तळमजला जमिनीपासून किती उंच उचलायचा इथून. काचा आणि दर्शनी भाग नंतर.

काका गेल्यावर घर आत्याच्या नावावर करायचं होतं. पक्षाघातामुळे ती चाकाच्या खुर्चीत. तिला घेऊन एका कचेरीत गेले. रॅम्प होता, त्यावर तीन मोटारसायकली लावलेल्या. त्या हलवून घेतल्या, तर वर रॅम्प संपतो तिथंच चार बोटं उंच उंबरा. चढही असा की मी आणि रिक्षावाले दादा दोघं मिळून ढकलतोय तरी खुर्ची मागं येतेय. शेवटी क्लार्क स्वतः कागद घेऊन खाली आले आणि पार्किंगमध्येच तिची सही घेतली. भला माणूस. पण चाळीस वर्षं घरपट्टी भरलेली माझी आत्या परतताना रिक्षात म्हणाली, "आत काय असतं गं तिथं?"

रॅम्पचा हिशेब साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सार्वजनिक इमारतींना सुगम्यता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बंधनकारकच आहे. पण सांगलीत मध्ये कृष्णा येते. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी नदीची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. ज्याच्या घरातून गाळ उपसलाय तो म्हणणारच, जोतं पाच फूट घ्या. म्हणजे साठ फूट रॅम्प, मधले सपाट टप्पे वेगळे. हातानं चाक फिरवत तेवढं चढून बघा एकदा. लिफ्ट आहे की, असं म्हणतात. वीज गेली की ती जागच्या जागी उभी.

म्हणून उंची जोत्यातून नाही, जमिनीतूनच मिळवायची. गावभाग, मारुती चौक सखल. विश्रामबागेकडची जमीन उंच. तिथं जागा घ्या, जोतं वीतभर ठेवा आणि अंगणच हळूहळू चढवत दारापर्यंत न्या. पायरीच नको. खासदारांना आणि आत्याला एकच दार. दाखले, घरपट्टी, पाणीपट्टी तळमजल्यावर. जुनी दप्तरं आणि सर्व्हर वर. गावातल्या माणसाला हे लांब पडेल, ते खरंच आहे. म्हणून घरपट्टीची एक खिडकी गावातही राहू द्या, आणि बस आवारात येऊ द्या.

खिडकीचा कट्टा तीस इंच, खाली गुडघे जातील अशी पोकळी. आत्याच्या खुर्चीशेजारी टेप धरून मी हे मोजलंय.

आणि सभागृह. लोकांनी बसून सभा बघायची गॅलरी बहुतेक ठिकाणी वर, जिन्यानं जायची. मी ती सभागृहाच्याच पातळीला ठेवीन. पहिल्या रांगेत दोन जागा मोकळ्या: एक आत्याच्या खुर्चीला, एक तिच्याबरोबर येईल त्याला.