बेसमेंट पार्किंगमधली म्हैस

स्वप्नात म्हैस आली तर तिचं करायचं काय, यावर पुण्यातली शिकली-सवरलेली माणसं चहा गार होईपर्यंत भांडू शकतात हे मी स्वतः बघितलंय. वर्ग माझाच होता, त्यामुळे भांडण लावून दिलं मीच असंही म्हणता येईल.

मी कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते. तिथे सिलॅबसमध्ये स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या वाट्याला जेमतेम दोन पानं येतात, पर्सोना, शॅडो, अ‍ॅनिमा यावर टीपा लिहा आणि सुटा. म्हणून रविवारी सकाळी एरंडवण्यात ओळखीच्यांच्या हॉलमध्ये आम्ही वेगळा वर्ग चालवतो, डेप्थ सायकॉलॉजी (म्हणजे नेणिवेचं मानसशास्त्र) आणि पुराणकथा. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, त्यामुळे येतात ती माणसं खरंच हौसेनं येतात आणि एकेक नमुना असतो. एक बाई आहेत, संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला 1919 साली घेतली ती 1966 साली पुरी झाली, त्या परंपरेचं वळण असलेली ही बाई, घाईघाईत कुणी काही विधान केलं की चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, कुठल्या अध्यायात? दुसरे एक सर आहेत लोकदैवतंवाले, त्या विषयावर लिहिणारे कोसंबी, ढेरे, सोन्थायमर तोंडपाठ, गावोगावच्या जत्रा पायी हिंडलेले. तिसरी एक तरुण काउन्सेलर, हुशार आहे पण नुकताच एक ऑनलाइन कोर्स करून आलीय त्यामुळे सध्या तिला सगळीकडे आर्किटाइपच, म्हणजे युंगचे ते सगळ्या माणसांत सामायिक असलेले आदिम साचे, दिसतात. बाकी बँकेतले रिटायर्ड लोक, दोन मास्तर, आणि तो.

तो म्हणजे आयटीतला मॅनेजर, चाळिशीचा, बाणेरला राहतो, मूळचा खेड तालुक्यातला. (त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) सहसा मागे बसून नोट्स काढतो. त्या रविवारी विषय होता स्वप्न ऐकायचं कसं, आणि मी विचारलं कुणाला वर्गात सांगण्यासारखं एखादं स्वप्न आहे का, तर यानेच हात वर केला.

स्वप्न असं. तो रात्री ऑफिसातून सोसायटीत येतो, बेसमेंटमध्ये त्याच्या पार्किंगच्या जागेवर एक म्हैस बसलीय. अंगावर ओला चिखल, एक शिंग डोळ्याकडे वळलेलं, निवांत रवंथ चाललंय. हा हॉर्न वाजवतो, ती ढिम्म हलत नाही. वॉचमन येऊन म्हणतो, साहेब तुमचीच आहे, रजिस्टरला नोंद आहे. तेवढ्यात मोबाइलवर गेटच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन, अप्रूव्ह की डिनाय. त्याला दोन्ही दाबता येत नाही, मागून गाड्यांची रांग लागलेली, आणि जाग येते. हेच स्वप्न थोड्याफार फरकाने परत परत पडतंय.

झालं. सांगून संपतंय न संपतंय तोवर काउन्सेलर सुरू, बेसमेंट म्हणजे अनकॉन्शस, नेणीव, तळघरातलं जनावर म्हणजे शॅडो, आपण स्वतःत नाकारलेली बाजू, हा तर सरळसरळ मिनोटॉर आहे, ग्रीक कथेतला, क्रीट बेटावरच्या भुलभुलैयातला बैलाच्या डोक्याचा राक्षस, आणि पार्किंगचे पिलर म्हणजे तो भुलभुलैया. आता पिलरचं मलाही आवडलं, नाही असं नाही, पण सर तिला तोडत म्हणाले, अहो तिकडे क्रीटला कशाला जाताय, म्हसोबा काय मेलाय का? आणि मग सर जे सुटले ते सुटलेच. पुराणात ज्याला देवी मारते तोच महिषासुर आपल्याकडे शेताच्या बांधावर शेंदूर लावून म्हसोबा म्हणून बसलेला असतो, नैवेद्य घेतो, आणि काही ठिकाणी तर देवीशी त्याचं लग्न लागलेलं असतं, वीरला जा आणि बघा. हे कोसंबींनी लिहून ठेवलंय, गणिताचा माणूस, डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जायचा आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि शेंदरी दगड पायाखाली घालायचा. सरांचं म्हणणं, शॅडोला मारायचं असतं हे हीरोवाल्यांचं खूळ, आमच्याकडे त्याला बांधावर जागा देतात.

मुद्दा भारी होता. पण बाईंनी चष्मा खाली घेतला. म्हणाल्या, देवी मारते ते मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात, महाभारतात वनपर्वात महिषाला स्कंद मारतो, तेव्हा कुठली कथा धरून बोलताय ते आधी सांगा. सर म्हणाले, बाई, शेतकरी वनपर्व वाचून शेंदूर लावत नाही. बाई म्हणाल्या, म्हणून त्याने लावला तर चालतो, तुम्ही मात्र वाचूनच बोलायचं. मग बँकवाल्या एका काकांना यम आठवला, रेडा म्हणजे यमाचं वाहन, साहेब तुम्ही एकदा बीपी चेक करून घ्या. एक मास्तर ज्ञानेश्वरांच्या रेड्यावर गेले, वेद बोललेला, आळ्याला ज्याची समाधी आहे, म्हणजे हे स्वप्न शुभ आहे. आवाज चढले. आणि ज्याचं स्वप्न तो बिचारा पेन हातात धरून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत बसलेला.

मला त्यात एकच गोष्ट खटकत होती. तो म्हणाला होता म्हैस. मिनोटॉर बैल, म्हसोबा रेडा, यमाचा रेडा, माउलींचा रेडा. एवढे विद्वान लोक, आणि कुणालाच म्हैस नको होती.

इथे थोडी थिअरी सांगावी लागेल. फ्रॉइडच्या पद्धतीत स्वप्नातली एक गोष्ट घ्यायची आणि त्यावरून जे सुचेल ते बोलत जायचं, त्यावरून आणखी काही, असं करत करत माणूस त्याच्या दुखऱ्या जागेपर्यंत पोचतो. युंगचं म्हणणं होतं की दुखऱ्या जागेपर्यंत तर रेल्वेतल्या पाटीवरूनही पोचता येतं, मग हेच स्वप्न का पडलं? म्हणून स्वप्नातल्या प्रतिमेला सोडायचं नाही, तिच्याभोवतीच फिरत राहायचं. त्यासाठी दंतकथा, पुराणं, विधी यातली तशीच चित्रं शेजारी आणून ठेवायची, याला अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात. ऐकायला छान वाटतं आणि वर्गात सगळ्यांना आवडतं कारण प्रत्येकाला आपापलं वाचन बाहेर काढता येतं. पण युंगची त्याआधीची पायरी लोक गाळतात, समोरच्याचं स्वप्न आपल्याला कळत नाही असं धरून सुरुवात करायची आणि त्यालाच विचारायचं की बाबा, हे जनावर तुझ्या लेखी काय आहे. जेम्स हिलमन तर याच्याही पुढे गेला, झुरिकच्या युंग इन्स्टिट्यूटमध्ये 1959 पासून शिक्षणाची जबाबदारी सांभाळलेला माणूस, पण नंतर आपल्याच लोकांवर टीका करत राहिला. त्याचं काळ्या सापाचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहितीय, स्वप्नातल्या सापाचा तुम्ही अर्थ लावलात की साप गेला आणि तुमच्या हातात नुसती कन्सेप्ट उरली.

तर मी सगळ्यांना गप्प केलं (बाईंना गप्प करायला वेळ लागतो) आणि त्याला विचारलं, म्हैसच होती ना? हो. दुभती की भाकड? तो थांबला. म्हणाला, मॅडम हे मला कुणी विचारलंच नव्हतं. डोळे मिटून बसला, मग म्हणाला, कास भरलेली होती. आणि ते शिंग? डावं. डाव्या डोळ्यात जाईल की काय असं वाटायचं. "वाटायचं" असं तो बोलून गेला आणि स्वतःच दचकला.

तेवढ्यात चहा आला म्हणून ब्रेक घेतला, आणि त्याने गॅलरीत जाऊन गावाला आईला फोन लावला. आई खेड्यातल्या कुठल्याही आईसारखी फोनवर ओरडूनच बोलत होती, त्यामुळे स्पीकरची गरज नव्हती, आत सगळ्यांना ऐकू येत होतं आणि खरं सांगायचं तर सगळे कप हातात धरून गॅलरीच्या दाराशी जमलेच होते.

"आरं चंद्री व्हती ती! येक शिंग वाकडं. तुझ्या मागं मागं फिरायची."

तो म्हणाला, ती आटली म्हणून दिली ना?

"आटती कशाची! चांगली तांब्याभर फेसाळ दूध दीत व्हती. तुझ्या कालिजाची फी भरायची व्हती, तुझ्या बापानं चाकणच्या बाजारात नेऊन इकली. तुला सांगितलं आटली म्हनून, नायतर तू गेला नसतास शिकाया."

मग आई आपल्या नादात पुढे सांगत राहिली, जायच्या आधी तिला कुंकू लावलं, भाकरी चारली, पाया पडले, आणि दावं तेवढं वडील परत घेऊन आले, जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं. आणि जेवलास का, पोरं कशी आहेत, कांद्याला भाव नाही. फोन ठेवून तो आत आला तेव्हा कुणी काही बोललं नाही, बँकवाल्या काकांनी त्याला बिस्किटं पुढे केली.

काउन्सेलरला मात्र राहवेना, म्हणाली, बघा म्हणजे गिल्ट आहे, अनकॉन्शसला हे आधीपासून माहीत होतं! तिथे मी तिला स्पष्ट थांबवलं. माहीत होतं की नाही हे तिलाही कळायला मार्ग नाही आणि मलाही नाही, आणि दहा लोकांसमोर एखाद्याच्या वडिलांचा विषय उलगडत बसायला आम्ही थेरपीला बसलेलो नव्हतो, वर्गात बसलेलो होतो. ही सीमा सांभाळणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम आहे. पुढे कुणाकडे जाऊन बोलावंसं वाटलं तर नाव मी सुचवीन असं त्याला नंतर बाजूला घेऊन सांगितलं.

ब्रेकनंतरचा वाद मात्र खरंच चांगला झाला. मास्तरांचा प्रश्न होता, मग पुराणकथेचा इथे संबंधच काय, साधी घरची म्हैस निघाली की! सर म्हणाले, साधी कशी? कुंकू, भाकरी, पाया पडणं, दावं मागे ठेवणं, हे काय आहे मग? बाईंनी सवयीने विचारलं, संदर्भ? सर म्हणाले, आत्ता गॅलरीतून ऐकलात तो. आणि बाई हसल्या, हे आमच्या वर्गात क्वचित होतं.

मला विचाराल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या माणसाचं, मग त्याच्या घराचं-गावाचं, मग आपली पुराणं, आणि क्रीट वगैरे सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो कारण पुस्तकं त्या क्रमाने मिळतात. युंगचंच बघा ना. 1937 च्या डिसेंबरात तो भारतात आला, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाला ब्रिटिश सरकारने बोलावलं होतं, सांची बघून पार हलून गेला, सगळीकडे देवळं आणि मूर्ती बघत फिरला, कलकत्त्यात आमांशाने हॉस्पिटलात दहा दिवस पडला. आणि त्यानंतर त्याला स्वप्न कशाचं पडलं, तर होली ग्रेलचं! ना शंकर ना बुद्ध, युरोपातल्या दंतकथेतला पेला. त्याने त्याचा अर्थ असाच घेतला की आपलं काम आपल्या मातीतलं आहे. त्याचे भारतीय भक्त हा किस्सा फारसा सांगत नाहीत, मी मुद्दाम सांगते.

तेव्हापासून वर्गात एक नियम केलाय, ज्याचं स्वप्न त्याचं सगळं बोलून झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी पुराण काढायचं नाही. बाईंनाही लागू. त्यांनी त्याच रात्री ग्रुपवर महिषाच्या सगळ्या संदर्भांची यादी टाकली, ती वेगळी. तो येतो अजून, मागेच बसतो, स्वप्नाचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. काउन्सेलर थोडी रुसली होती, म्हणून मिनोटॉरवरचा सेशन तिलाच दिलाय. स्लाइड्स दाखवून गेली परवा, बऱ्या आहेत, फक्त पहिल्याच स्लाइडवर मिनोटॉर म्हणून रेड्याचं चित्र होतं ते बदलायला सांगितलंय.